मेहरची रक्कम लिहिली, मूल लिहायचं राहिलं

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात परदेश म्हणजे आखात. मुसलमान मोहल्ल्यात घरटी एखादा माणूस तरी तिकडे असतो. पासपोर्ट, व्हिसा, इकामा, एनओसी हे शब्द कधी शाळेत न गेलेल्या आजीलाही पाठ असतात. तरीही एका कागदाच्या बाबतीत आपण अजून अडाणी आहोत, हे मला माझ्या खालाच्या मुलीमुळे कळलं.

ती नर्स आहे. चार वर्षांपूर्वी तिने खुला घेतला. भांडणतंटा न होता, जमातीच्या चार माणसांसमोर. कागद झाला, तोही व्यवस्थित, उर्दूत, सह्या-शिक्क्यांसह. पुढे तिला शारजात नोकरी मिळाली. पगार चांगला, राहायची सोय. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला बरोबर न्यायचं ठरवलं आणि तिथे गाडी अडली. मुलाचा निवासी व्हिसा आईच्या नावावर काढायचा तर वडिलांचं रीतसर अटेस्ट केलेलं संमतीपत्र हवं, नाहीतर मुलाचा ताबा आईकडे असल्याचा कोर्टाचा हुकूम हवा. वडिलांनी तोपर्यंत दुसरा निकाह केलेला. ते "देत नाही" असंही म्हणेनात, "देतो" असंही म्हणेनात.

मग तिने खुलाचा कागद काढला. मी तो वाचला. मेहरची किती रक्कम सोडली, दागिने कोणाकडे राहिले, भांडीकुंडी कोणी नेली, सगळं त्यात होतं. मुलाबद्दल एक ओळ नव्हती.

मी विचारलं, "त्या वेळी कोणी विषय काढला नाही?"

ती म्हणाली, "भाई, पोर माझ्याच मांडीवर बसलं होतं. सगळ्यांना वाटलं, ते आईकडेच राहणार, लिहायचं काय त्यात?"

नोकरी सोडता येत नव्हती. ती एकटी गेली. मुलगा नानीकडे राहिला. जिल्हा न्यायालयातून हुकूम मिळेपर्यंत चौदा महिने गेले. चौदा महिने तो पोरगा रोज रात्री मोबाइलच्या पडद्यावर आईला पाहत झोपला.

असं काही घडलं की आपल्याकडे लगेच म्हणतात, "बघा, आईला स्वतःचं मूल नेता येत नाही, बापाची सही लागते. हा बाईचा अपमान आहे." मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण नियम नीट पाहिले तर सही फक्त आईकडून मागत नाहीत. बाप एकटा मूल घेऊन निघाला तर आईचीही मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा मुलासाठी काढायचा असेल तर दोघांची संमती लागते. कॅनडाचं सरकार एका पालकाबरोबर येणाऱ्या मुलाजवळ दुसऱ्याचं पत्र असावं असं सुचवतं. दक्षिण आफ्रिकेने 2015 मध्ये हे नियम इतके कडक केले की कुटुंबंच्या कुटुंबं विमानतळावरून परतली आणि पुढे सरकारलाच ते सैल करावे लागले.

यामागे कारण आहे. नवरा-बायकोच्या भांडणात एकजण मूल उचलून दुसऱ्या देशात निघून जातो. मग दुसऱ्याच्या हातात काही राहत नाही. अशी मुलं परत आणण्यासाठी 1980 चा एक हेग करार आहे. भारत त्यात नाही, अमिरातही नाही. आपल्या विधी आयोगाने 2009 मध्ये भारताने त्यात सामील व्हावं अशी शिफारस केली. त्यावर बरीच चर्चा झाली, समित्या झाल्या, पण अजून सामील झालेलो नाही. म्हणजे मूल एकदा देशाबाहेर गेलं की ते परत आणणं फार अवघड. म्हणून सगळा जोर निघण्याआधीच्या कागदावर. ही सही बाईवर अविश्वास म्हणून मागत नाहीत, ती मुलाची कडी आहे. आणि ती दोन्ही बाजूंनी लागते.

मग आपल्या बायकाच जास्त का अडतात? माझ्या मते याचं उत्तर पासपोर्ट कार्यालयात कमी आणि आपल्या मोहल्ल्यात जास्त आहे.

पासपोर्टचं आधी बघू. मुलाच्या पासपोर्टसाठी साधारणपणे आई-वडील दोघांच्या संमतीचं निवेदन लागतं, त्याला परिशिष्ट 'ड' म्हणजे अ‍ॅनेक्शर डी म्हणतात. पण एका पालकाची संमती मिळत नसेल तर त्याचं कारण लिहून दुसऱ्या पालकाने द्यायचं निवेदनही आहे, अ‍ॅनेक्शर सी. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सोपे केले. ही निवेदनं साध्या कागदावर चालतात, नोटरीची गरज नाही. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं. घटस्फोटित व्यक्तीला जोडीदाराचं नाव लिहायची सक्ती नाही. हे किती जणींना माहीत आहे? एजंट मात्र "बाप नाही तर काम अवघड आहे" म्हणून चारपट पैसे घेतात. एवढं लक्षात ठेवा की निवेदनात खोटं लिहिलं तर पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा होतो.

म्हणजे पासपोर्ट मिळतो. माझ्या बहिणीलाही मिळाला. अडतं ते पुढे, व्हिसाला. आणि तिथे आपल्या व्यक्तिगत कायद्यातली एक गोष्ट आड येते.

कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. शाफई फिकहप्रमाणे लहान मुलाचं संगोपन, म्हणजे हिजानत, आईकडे असते. मूल समजदार झालं की आई-बापापैकी कोणाकडे राहायचं हे त्यालाच विचारावं असंही त्यात आहे. केवढी सुंदर गोष्ट! पण विलायत, म्हणजे कायदेशीर पालकत्व, बापाकडे. गावात हा फरक जाणवत नाही. मूल आईकडे जेवतं, आईकडे झोपतं, शाळेत आईच सही करते. व्हिसाच्या खिडकीवर मात्र मूल कोणाकडे झोपतं हे कोणी विचारत नाही. सहीचा हक्क कोणाला, एवढंच विचारतात.

यावर उपाय भारताच्या कायद्यात आहे. 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे. कोर्ट मुलाचं हित पाहून आईला पालक नेमू शकतं. तोंडी किंवा काझीसमोर झालेल्या तलाक-खुलानंतर आपली वैवाहिक स्थिती काय, हे जाहीर करून घ्यायला कौटुंबिक न्यायालयात जाता येतं. 2019 च्या तिहेरी तलाकविरोधी कायद्याच्या सहाव्या कलमाने तर अशा तलाकमध्ये अज्ञान मुलांच्या ताब्याचा हक्क आईला दिला आहे. त्या कायद्यावर आपल्यात मतभेद आहेत, असू देत. पण हे कलम आपल्या मुलींना माहीत असायला हवं. फक्त खुला घेतलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही, तिला कोर्टातच जावं लागतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कोर्टाने नेमलेल्या पालकाला मूल त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं तर कोर्टाची परवानगी लागते. म्हणून अर्ज करतानाच परदेशी नेण्याची परवानगीही मागावी. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या.

आता माझा मुख्य मुद्दा. सूरह बकराहमधली सर्वात लांब आयत कशावर आहे? नमाजवर नाही, रोजावर नाही. उसनवारी लिहून ठेवण्यावर आहे, साक्षीदार ठेवण्यावर आहे. दोन पैशांचा व्यवहार लिहा असं ज्या समाजाला सांगितलं, तो समाज पोटच्या पोराचा व्यवहार मात्र तोंडावर सोडतो. "आपली माणसं आहेत, लिहायचं काय?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. माणसं आपली असतात तोवर कागद लागत नाही, हे खरं. पण तलाकच्या दिवशीच ती परकी झालेली असतात.

म्हणून जमातीच्या जबाबदार मंडळींना, काझीसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. तलाकनामा असो की खुलानामा, त्यात मुलांचा एक परिच्छेद असल्याशिवाय शिक्का मारू नका. मूल कोणाकडे राहील, खर्च कोण देईल, दुसरा कधी भेटेल, पासपोर्ट कोणाजवळ राहील आणि परदेशी न्यायला कोणाची हरकत आहे की नाही, एवढं लिहा. त्या दिवशी दोन्ही घरची माणसं समोर असतात, सही मिळते. दोन वर्षांनी तीच सही मिळवायला वकील लागतो. नुसत्या या कागदावर व्हिसा मिळेल असं मी म्हणत नाही. पण हाच कागद घेऊन दोघं कोर्टात गेली तर चौदा महिन्यांचं काम बरंच लवकर होईल.

ज्यांचं घर सुखाचं चाललंय, त्यांनीही हे वाचून बाजूला ठेवू नये. सुट्टीत मूल नानीबरोबर किंवा चाचाबरोबर दुबईला पाठवता ना? मग आई-वडील दोघांच्या सहीचं पत्र द्या. मुलाचं नाव, पासपोर्ट नंबर, कोणाबरोबर जातंय, कुठे राहणार, कधी परतणार, आपले फोन नंबर. सोबत जन्मदाखल्याची आणि आपल्या पासपोर्टची प्रत. एक पालक वारला असेल तर मृत्युदाखला. आणि जन्मदाखल्यावरचं आई-बापाचं नाव पासपोर्टशी जुळतं का ते आजच बघा. एका घरात 'मोहम्मद' चार तऱ्हेने लिहिलेलं असतं, कुठे शेख पुढे, कुठे मागे. त्या देशात, त्या एअरलाइनला नक्की काय लागतं हे तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

बहिणीचा मुलगा आता शारजात पाचवीत आहे. परवा फोनवर त्याला विचारलं, "कसं वाटतं रे तिकडे?" म्हणाला, "मामू, इथे अम्मी रात्री खरी असते."

एक ओळ लिहिली असती तर त्याची चौदा महिन्यांची रात्र बरीच लहान झाली असती.