मोहाची दारू ब्रँड होईल. पण मेळघाटात भट्टी कोणाची राहील?

धारणी/अकोट (वार्ताहर) : चैत्र लागला की मेळघाटात आणि अकोट-तेल्हाऱ्याच्या सातपुडा पायथ्याशी माणसं झुंजूमुंजू व्हायच्या आधीच टोपली घेऊन निघतात. मोहाचं फूल रात्री अन् पहाटे गळतं. उन्हं चढायच्या आत ते वेचावं लागतं, मग चार-पाच दिवस वाळवायचं आणि बाजारात न्यायचं. व्यापारी भाव सांगतो, आपण मान हलवतो. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे.

आता याच फुलाच्या दारूची काचेची बाटली शहरातल्या दुकानात दिसायला लागली. त्यामागोमाग गावात नवीन माणसं येऊ लागली. मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका बैठकीत असाच एक एजंट आला होता. त्यानं मोबाईलवर चकाकत्या तांब्याच्या भट्टीचा व्हिडिओ दाखवला. "मिनी डिस्टिलरी" म्हणे. बचत गटानं अर्धे पैसे आगाऊ भरायचे, बाकी माल आल्यावर.

मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काऊन भाऊ, लायसनचं काय?"

"थे होऊन जाते बाबा, तुमी पैले बुकिंग करा."

हे "होऊन जाते" फार महागात पडू शकतं, म्हणून हा लेख.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चं कलम ६५ वाचा. परवान्याशिवाय दारू काढणं गुन्हा आहेच. पण भट्टी बांधणं, चालवणं, एवढंच काय, दारू गाळण्यासाठी भट्टी, भांडी किंवा साहित्य जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे परवाना नसताना ती चकाकती भट्टी गटाच्या शेडमध्ये उतरली, तर एक थेंब न गाळताही अडचण येऊ शकते. एजंट तोवर पैसे घेऊन निघून गेलेला असेल.

मग सरकारनं काहीच सवलत दिली नाही का? दिली आहे, पण ती नीट समजून घ्या. २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं-आणणं यावरचे निर्बंध उठवले. ही सवलत फुलाला आहे, दारूला नाही. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं काजूबोंडं, मोहफुलं यांपासून बनणाऱ्या दारूचं वर्गीकरण देशीतून विदेशी मद्यात करायचं ठरवलं, म्हणजे तिला चांगल्या दुकानात जागा आणि चांगला भाव मिळावा. पण वर्गीकरण बदललं म्हणून परवाना घरी चालत येत नाही. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडूनच घ्यावा लागतो. शिवाय दारू कारखाना प्रदूषण मंडळाच्या लाल यादीत येतो, त्यामुळे त्यांची संमतीही लागते.

भट्टी निवडायची तर काय पाहायचं

समजा परवाना मिळाला. तरी एजंटच्या व्हिडिओवर जाऊ नका. आपल्या मालाचा आणि गावाच्या पाण्याचा हिशोब आधी करा.

आपल्याकडची जुनी पद्धत तीन भांड्यांची. खाली सडव्याचं भांडं, मध्ये भोकाचं भांडं आणि त्यात वाफ उतरून गोळा होणारी वाटी, वर थंड पाण्याचं भांडं. वरचं पाणी तापलं की बदलायचं. किती वेळा बदललं यावर माल कडक की पातळ हे ठरतं. तांब्याची पॉट भट्टी म्हणजे याच विद्येचं मोठं रूप. खाली मडक्यासारखं भांडं, वर निमुळती मान, पुढं थंड पाण्यातून जाणारी नळी. एकदा गाळून हलका अर्क निघतो, तो दुसऱ्यांदा गाळला की चांगला चढतो. तांबं सडव्यातला गंधकाचा घाण वास ओढून घेतं, म्हणून तांब्याला मान.

दुसरा प्रकार उभ्या खांबाचा, आत एकावर एक ताटल्या असलेला. एकाच दमात कडक अर्क देतो. पण त्याला आच एकसारखी लागते, पाण्याची धार एकसारखी लागते आणि चालवणारा शिकलेला लागतो. जिथं लाईनचा भरवसा नाही तिथं तो खांब डोकेदुखी ठरेल. वरून फुलाचा जो खास वास आहे, ज्यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं, तोही कमी होतो. लहान गटाला मोहासाठी साधी पॉट भट्टीच बरी, असं माझं मत आहे.

मोहाच्या सडव्यात फूल तळाला बसतं. खालून सरळ जाळ लावला की करपतं आणि तो वास बाटलीपर्यंत जातो. त्यामुळे दुहेरी बुडाची, मधून वाफ फिरवणारी भट्टी घ्यावी, नाहीतर सडवा गाळून मग चढवावा. भांडं काठोकाठ भरू नये, पाव भाग रिकामा ठेवावा, कारण फेस वर येतो.

जोड कशानं केले हे विचारा. जुन्या गाडीचं रेडिएटर नळी म्हणून वापरणं म्हणजे शिसं पिणं. जस्त चढवलेला पत्रा नको, केमिकलचे ड्रम तर अजिबातच नको. खाण्याच्या कामाचं स्टेनलेस स्टील, वाफेच्या वाटेवर तांबं आणि बिनशिशाचा डाक, एवढं तरी लेखी घ्या. भट्टीपासून नळीच्या तोंडापर्यंत वाफ कुठंच कोंडायला नको. मध्ये बंद होणारी तोटी असेल तर ती भट्टी नव्हे, बॉम्ब आहे. अर्क जिथं गोळा होतो तिथं चूल, बिडी, उघडी वायर काही नको.

आणि पाणी. शंभर लिटर सडव्यातून तीसेक लिटर अर्क उतरवायचा तर ढोबळ हिशोबानं चारशे लिटरच्या आसपास थंड पाणी लागतं. मोहाचा हंगाम चैत्र-वैशाखात, आणि तेव्हाच चिखलदऱ्याच्या अनेक गावांत टँकरची वाट पाहतात. पाणी टाकीत फिरवून परत वापरायची सोय नसेल तर गावात भट्टीवरून नाही, पाण्यावरून भांडणं होतील.

"पहिल्या धारेची" म्हणजे काय

आपल्याकडं पहिल्या धारेच्या दारूला फार मान. पण शिकलेला गाळणारा अगदी सुरुवातीचा, नाकाला झोंबणारा थोडा भाग बाजूला काढतो. मधला ठेवतो आणि शेवटचा वास मारणारा पातळ भाग पुढच्या घाणीत मिसळतो. सगळी कला या तीन भागांच्या कापणीत आहे. भट्टी कितीही महाग असो, हे हातालाच यावं लागतं.

तरी नुसत्या हातावर विसंबू नका. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनं. एवढं मिथेनॉल फुलातून येत नाही, ते नफ्यासाठी बाहेरून मिसळलं जातं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत मिथेनॉल, तांबं, शिसं यांच्या मर्यादा ठरवल्या आहेत. दर घाणीचा नमुना तपासायचा खर्च भट्टीच्या किमतीत धरलाच पाहिजे.

पैसा कुठं आहे

वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखर असते. शंभर किलो फुलात पन्नास किलो साखर धरली तर कागदावर पंचवीस किलो, म्हणजे ३२ लिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल निघतं. बाटलीच्या ताकदीला आणलं की साधारण ७५ लिटर, म्हणजे शंभर बाटल्या. प्रत्यक्षात यापेक्षा बरंच कमी निघतं. बाटलीला दोन किलो फूल लागलं असं धरा. केंद्रानं २०२० मध्ये वाळल्या मोहफुलाची आधारभूत किंमत किलोला ३० रुपये केली होती. त्या हिशोबानं एका बाटलीत फूल साठ रुपयांचं.

बाकी पैसा कर, काच, लेबल, वाहतूक आणि नाव यात जातो. फूल वेचणारीच्या हातात नुसतं फूल राहिलं तर तिला साठच मिळणार, बाटली कितीलाही विको.

वरूड-मोर्शीचे काही संत्रा उत्पादक विचारतात, आमच्या गळीच्या संत्र्याचं काय? त्यांनी हाच हिशोब करून पाहावा. शंभर किलो संत्र्याचा पन्नास लिटर रस धरला तरी शुद्ध अल्कोहोल दोन-अडीच लिटर निघेल. वरून सालीतलं तेल खमिराला मारतं, म्हणून साल वेगळी करायची मजुरी. मोहाची भट्टी संत्र्याला तशीच चालेल असं कोणी सांगत असेल तर त्याला हे दोन आकडे दाखवा.

शेजारी काय करतात

धारणीच्या पलीकडं मध्य प्रदेश लागतो. तिथल्या सरकारनं मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य म्हटलं आणि ती काढायचा हक्क आदिवासी बचत गटांना दिला. अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांतल्या गटांच्या 'मोंड' आणि 'मोहुलो' या बाटल्या त्यातूनच आल्या. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि गावातल्या लहान भट्टीला परवान्याची वाट आहे. आपल्या राज्यात पालघर जिल्ह्यातल्या डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीनं 'सिक्स ब्रदर्स महुरा' बाजारात आणली. कंपनीनं चांगला माल काढला यात वाईट काही नाही. पण कंपनीचा कारखाना आणि ग्रामसभेची भट्टी यांना एकाच मापानं मोजलं तर ग्रामसभा कधीच परवान्यापर्यंत पोहोचणार नाही.

धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ चा पेसा कायदा तिथल्या ग्रामसभेला गौण वनउपजाची मालकी देतो आणि दारूबंदी करायचा किंवा विक्रीवर लगाम ठेवायचा अधिकारही देतो. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे अकोट-तेल्हाऱ्याच्या आदिवासी गावांना हे कवच नाही, हेही लक्षात ठेवा. तरी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार त्यांना आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरनं सीताफळ स्वतःच्या नावानं मुंबईपर्यंत विकून दाखवलं. फूल, फळ विकायची अक्कल आपल्या लोकांत नाही असं कोणी म्हणू नये.

आधी बायकांना विचारा

एक गोष्ट टाळून चालणार नाही. फूल वेचतात बहुतेक बायका आणि दारूचा मारही त्याच खातात. आडव्या बाटलीसाठी मतदान करायला रांगेत उभ्या राहणाऱ्या याच बाया. त्यांना न विचारता गावात भट्टी आणली तर ती टिकणार नाही आणि टिकूही नये. बाहेर विकायची, गावात विकायची नाही, ही अट ठरावातच लिहिता येते. लाडू, सरबत, मुरंबा करून फूल विकायचा मार्गही आहेच, त्याला उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ग्रामसभा, त्यात बायांचं मत. मग जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज: आमच्या एवढ्या क्षमतेच्या भट्टीला कोणता परवाना, किती फी, काय अटी? उत्तर लेखीच घ्या. त्यानंतर पाणी आणि तपासणीचा हिशोब. पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्राचा विभाग आहे, तिथं गटातल्या दोघांना शिकायला पाठवता येईल का ते विचारा. भट्टीची ऑर्डर सगळ्यात शेवटी.

आणि आपल्या आमदार-खासदारांना एकच प्रश्न विचारा. सीमेपलीकडं गटाला जी वाट करून दिली, ती इकडं कधी? त्या दिवसापर्यंत आपल्या जंगलातल्या भट्टीची बातमी "सडवा नष्ट, आरोपी अटकेत" अशीच येत राहील आणि बाटलीची बातमी मुंबईहून येईल.

बैठकीतल्या त्या बाबांनी शेवटी एजंटला सांगितलं, "लायसन घेऊन ये बावा, मंग पैसे." गटानं अजून एक रुपया भरलेला नाही.