गप्प बसा आणि छेद समान करा

आमच्या शिक्षकवर्गात एक समजूत फार जुनी आहे. ज्या वर्गातून आवाज येत नाही, तो वर्ग उत्तम चालला आहे! व्हरांड्यातून जाणारे मुख्याध्यापक आत डोकावतात, चाळीस डोकी वह्यांवर वाकलेली पाहतात आणि समाधानाने पुढे जातात. मला विचाराल तर अशा वर्गात अपूर्णांक चालू असतील, तर तेथे शिकणे बंद पडले आहे असे खुशाल समजावे. वीस वर्षे मी पाचवीच्या मुलांपुढे उभा आहे. त्यांतली निम्मी मीही शांतता राखण्यातच घालवली. म्हणून हे रागाने लिहितो आहे, आणि तो राग थोडा स्वतःवरही आहे.

फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून मोठा कोणता ते विचारा. बहुतेक हात १/४ साठी वर होतात. चार तिनांहून मोठे नाहीत काय? आपण ‘चूक’ म्हणतो, अंश सारखे असतील तर लहान छेदाचा अपूर्णांक मोठा हा नियम सांगतो आणि पुढल्या उदाहरणाकडे वळतो. नियम पाठ होतो, पोराच्या मनातले चार मात्र तसेच मोठे राहतात. एके वर्षी मी नियम सांगितलाच नाही. ‘का?’ एवढेच विचारले आणि खुर्चीवर बसून राहिलो. एक मुलगी म्हणाली, भाकरी चौघांत वाटण्यापेक्षा तिघांत वाटली तर वाटा मोठा येतो. झाले, असे मला वाटले. तोच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘पण गुरुजी, आमच्या घरची भाकरी मोठी असते. तिचा पाव वाटा हिच्या तिसऱ्या वाट्याहून जास्त भरेल!’

वर्ग हसला. मला हसू आले नाही. पूर्ण एकच असल्याशिवाय दोन अपूर्णांकांची तुलना करता येत नाही, ही गोष्ट मी दहा वर्षांत एकदाही तोंडातून काढली नव्हती.

त्याहून मोठी फजिती १/२ आणि १/३ यांच्या बेरजेत झाली. उत्तर आले २/५, वरच्यांची बेरीज वर आणि खालच्यांची खाली. एकजण उठून म्हणाला, पाचाचे अर्धे अडीच, येथे तर दोनच आहेत. अर्ध्यात भर घातली आणि ते अर्ध्याहून कमी झाले? उत्तर पडले. पण ज्याचे ते होते तो बसायला तयार होईना. ‘सकाळी गोट्यांचे दोन नेम मारले, एक लागला. दुपारी तीन मारले, एक लागला. मिळून पाचांत दोनच ना?’ तास संपला आणि मी उत्तराशिवाय घरी गेलो. जेवताना उलगडा झाला. सकाळचे पूर्ण दोन नेमांचे, दुपारचे तिनांचे आणि मिळून धरलेले पाचांचे. तीन निरनिराळ्या भाकऱ्या! पोराचा हिशेब बरोबर होता, प्रश्न दुसरा होता. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितले नाही. भाकरीवाल्याला उभे केले, त्याने ते माझ्याहून लवकर ओळखले.

येथे जुनी मंडळी पावकी, निमकी, पाउणकी, औटकीची आठवण काढतील. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता तोवर ते पाढे पोटाशी बांधलेले होते. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, मागोमाग किलो-लीटर आले, आणि त्या पाढ्यांची गरज सरली. त्यांच्यासाठी मी रडत नाही. रडू येते ते वेगळ्यासाठी. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आजही प्रत्येक मुलाच्या तोंडी आहेत. ‘पाऊण तास थांबलो’ असे म्हणणारा मुलगा फळ्यावरच्या ‘तीन छेद चार’कडे परक्या गावाच्या पाटीकडे पाहावे तसा पाहतो, कारण ही दोन्ही एकच, हे त्याला वर्गात बोलूच दिलेले नसते.

नव्यांचेही कौतुक नको. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल आपले ज्ञान आपण रचते असे सांगितले. आपण त्याचा ‘ज्ञानरचनावाद’ केला आणि फरशा रंगवल्या. ‘समजले का?’ ‘होऽऽ!’ याला चर्चा म्हणतात काय? ही तर आरती झाली. चर्चा म्हणजे चुकलेल्या उत्तराला आपली बाजू मांडू देणे, आणि त्यासाठी आधी गुरुजींनी गप्प बसायला शिकले पाहिजे. ते मुलांच्या गप्प बसण्याहून अवघड आहे.

‘मग अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा?’ एका साहेबांनी माझ्या वर्गाबद्दल ‘गोंगाट फार’ असा शेरा मारला होता. त्या गोंगाटात जो मुलगा बोलत होता, तो आदल्या वर्षी एका चुकीला वर्ग हसल्यापासून गणिताच्या तासाला तोंड उघडत नसे. गणित आपले नव्हे, हा निकाल अशी मुले दहाव्या-अकराव्या वर्षी मनाशी लावून टाकतात. त्याचा आवाज होत नाही, म्हणून कोणाच्या शेऱ्यात तो येत नाही.

यंदाही त्या एका बेरजेला मी आठ दिवस देणार आहे. टाचणात चार लिहिले आहेत.