बालवाडीच्या बाई का घाबरल्या?

2020 च्या मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली, त्या वेळी जी बालके शिशुवर्गात होती, ती आता एकेक करून हायस्कूलच्या पायऱ्या चढू लागली आहेत. त्यांचे अक्षर, त्यांची चंचलता, एका जागी बसण्याचा त्यांचा कंटाळा, यांविषयी पालकांत व शिक्षकांत चर्चा निघाली की एक वाक्य हटकून कानी येते : 'बालवाडीच्या बाई घाबरून घरी बसल्या, म्हणून हे असे झाले.' हे वाक्य अन्यायाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि मागाहून का होईना, त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या दिवसांतील इंदूर आपणांपैकी बहुतेकांना आठवत असेल. देशातील अत्यंत बाधित शहरांत आपल्या शहराची गणना होऊ लागली होती. सराफ्यातील रात्रीची वर्दळ थांबली होती, राजवाड्याचा चौक ओस पडला होता. 1 एप्रिल 2020 रोजी टाटपट्टी बाखल भागात तपासणीस गेलेल्या आरोग्यपथकावर दगडफेक झाली. तीत दोन स्त्री-डॉक्टर जखमी झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा त्याच कामावर रुजू झाल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच! परंतु पुढे शाळा उघडण्याचा प्रश्न निघाल्यावर 'डॉक्टर जातात, मग बाईंना काय धाड भरली आहे?' असे जे विचारले जाऊ लागले, ते आम्हांस मुळीच पटत नाही. डॉक्टरांना निदान संरक्षक पोशाख व मुखपट्टी देणे हे आपले कर्तव्य आहे, एवढे तरी समाज मानीत होता. बाईंना काय द्यावयाचे, याचा विचारच कोणी केला नव्हता.

वस्तुतः बालवाडीच्या शिक्षिकेचे काम इतर शिक्षकांहून अगदी निराळे आहे. आम्ही हायस्कूलचे शिक्षक फळ्यापाशी उभे राहून, मुलांपासून दहा हात दूर राहूनही शिकवू शकतो. तीन वर्षांच्या मुलाला कोण दुरून शिकवणार? त्याचे नाक पुसावे लागते, डबा भरवावा लागतो, रडू लागले तर कडेवर घ्यावे लागते. 'दो गज की दूरी' ही घोषणा भिंतीवर लिहिण्यास ठीक; आमच्या कोकणीत ज्याला 'भुरगें' म्हणतात, त्या वयाच्या जिवाला तिचा अर्थ काय कळणार? शिवाय पाच वर्षे व त्यांहून लहान मुलांना मुखपट्टी बांधू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला होता, आणि या वयासाठी लस नव्हतीच. तेव्हा बाईंचे भय हे भित्रेपणाचे लक्षण नव्हते. आपल्या कामाचे स्वरूप जाणणाऱ्या व्यक्तीचे ते भय होते. त्यांतील कित्येकींच्या घरी वृद्ध सासूसासरे होते, हेही ध्यानात घ्यावे.

याची दुसरी बाजू आहे, आणि ती लहान नाही. गरिबांच्या मुलांना अंगणवाडीत केवळ अक्षरओळख होत नसते. तेथे गरम अन्न मिळत असते. अंगणवाड्या बंद पडल्याने त्यांच्या पोषणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि 13 जानेवारी 2021 रोजी न्यायालयाने राज्यांना सांगितले की, प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील अंगणवाड्या उघडण्याविषयी 31 जानेवारीपर्यंत निर्णय घ्यावा. हा निकाल योग्यच होता, असे आम्ही मानतो. भुकेल्या मुलाला साथ संपेपर्यंत थांब, असे म्हणता येत नाही.

मग बाईंनी जावे की न जावे? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला. 'जाणाऱ्या बाईंसाठी काय केले?' असे विचारावयास हवे होते. त्या निकालानंतर तीनच दिवसांनी, 16 जानेवारीस, लसीकरण सुरू झाले, आणि आरोग्यसेवकांच्या पहिल्या गटात अंगणवाडी सेविकांचाही समावेश होता. शासनाला हे सुचले, याबद्दल त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण गल्लोगल्लीच्या खासगी शिशुशाळांतील शिक्षिका? त्यांना आपल्या वयाचा क्रम येईपर्यंत थांबावे लागले. अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली ती 1 मे 2021 पासून, तीही दुसऱ्या लाटेच्या ऐन कहरात. शिक्षकांना अग्रक्रम देण्यासाठी राज्यांना जादा लस देण्याची घोषणा झाली ऑगस्टअखेर. आणि गंमत अशी की, ज्या 2020 च्या जुलैत या शाळा बंद होत्या, त्याच जुलैत नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया म्हणून गौरविला!

आणखी एक गोष्ट आम्हांस राहून राहून वाटते. 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तेथले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या सरकारी योजनेने ते उचलले, पण अंगण मात्र मागेच राहिले. आज कित्येक केंद्रे एका खिडकीच्या खोलीत भरतात. हा रोग कोंदट हवेत अधिक पसरतो, हे कळून चुकल्यावर तरी मुलांना उघड्यावर न्यावयास हवे होते. माळव्यातील जानेवारीच्या कोवळ्या उन्हात, निंबाखाली सतरंजी टाकून, दहा-दहा मुलांचा वर्ग भरविण्यास खर्च तो किती आला असता? पावसाळ्यात हे जमले नसते, हे खरे. मे महिन्यातही नाही. परंतु वर्षातील चार महिने तरी पदरात पडले असते.

आजारी पडल्यास भरपगारी रजा, लशीत अग्रक्रम, मोकळी हवा, लहान गट : एवढे मागणाऱ्या स्त्रीस कामचुकार म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच गल्लीतील बालवाडीच्या बाईंना भेटावे, आणि शाळा बंद होती त्या महिन्यांत आपणांस पगार मिळत होता काय, एवढेच विचारून पाहावे.