जेवणासकट की खास मजला?

सुट्टी कुठं घालवायची, यावर आपल्या घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. मुलांना गोवा हवा असतो, सासूबाईंना गणपतीपुळे, आणि 'ह्यांना' जिथं टीव्हीवर मॅच दिसेल असं कुठलंही ठिकाण. शेवटी एकदाचं महाबळेश्वर ठरतं. मग रिसॉर्टला फोन लागतो आणि पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारते, "सर, नुसती रूम देऊ की विथ मील? आणि थोडेच जास्त भरलेत तर क्लब रूम मिळेल, लाऊंजसकट." इकडं 'सर' फोनवर हात ठेवून विचारतात, "काय गं, काय करायचं?" आणि आपण सवयीनं म्हणतो, "तुम्हीच ठरवा. मला त्यातलं काय कळतंय!"

मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की त्यातलं सगळ्यात जास्त आपल्यालाच कळतं. कोण किती खातं, कुणाला किती वाजता भूक लागते, कुणाचा उपवास कधी, कुणाला तिखट चालत नाही, याचा हिशेब घरात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात असतो? आणि हा निर्णय सगळा त्याच हिशेबाचा आहे.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. रिसॉर्टच्या दरपत्रकात ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं असतात. ती पाहून बिचकायचं कारण नाही. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक ठिकाणी रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळची जेवणं. थोडक्यात, आपल्या खानावळीचाच प्रकार. शिकायला बारामतीत राहणारी मुलं महिन्याचे पैसे भरून मेस लावतात ना, तेच इथं दोन दिवसांपुरतं.

क्लबचं प्रकरण वेगळं. मोठ्या हॉटेलात एखादा मजला किंवा काही खोल्या खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यांना वेगळं लाऊंज असतं. तिथं सकाळचा नाश्ता, दुपारी चहा-बिस्किटं, संध्याकाळी ठरावीक वेळेत खाणं आणि 'पिणं' असतं. कुठं खोली लवकर मिळते, कुठं उशिरा सोडली तरी चालते, कुठं चार कपड्यांना इस्त्री करून देतात. प्रत्येक हॉटेलात यादी वेगळी. पण दुपारचं आणि रात्रीचं पोटभर जेवण बहुधा त्या यादीत नसतं. शिवाय संध्याकाळच्या ज्या दोन तासांसाठी हे लाऊंज मिरवतं, त्यातला मोठा भाग दारूचा असतो. आपल्याकडच्या किती घरांना त्याचा उपयोग? काही ठिकाणी तर त्या वेळेत लहान मुलांना आत घेतच नाहीत. म्हणजे एकानं लाऊंजमध्ये बसायचं आणि दुसरीनं खोलीत पोरं सांभाळायची. ती दुसरी कोण, हे सांगायला नको.

आता थोडं गणित करू. समजा, नवरा-बायको आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब आहे. नाश्त्यासकट साधी खोली रोजची ६,५०० रुपये आणि क्लबची ८,५०० रुपये. फोनवर सांगतात, "फक्त दोन हजारांचा फरक आहे." पण कराचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे साध्या खोलीचे करासकट ६,८२५ रुपये होतात आणि क्लबच्या खोलीचे १०,०३०. दोन हजारांचा फरक बसल्या जागी ३,२०५ रुपयांचा झाला. दोन रात्रींचे ६,४१० रुपये. ताटाला चारशे रुपये धरले तर एवढ्या पैशांत चौघांची चार जेवणं होतात. रिसॉर्ट महागातलं असलं आणि ताट सहाशेला पडलं, तरी रात्रीची दोन्ही जेवणं होऊन पैसे उरतात. आकडे मी धरून घेतलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला, पण कराची ही पायरी विसरू नका.

तरीही मला जे सांगायचंय, ते पैशांच्या पलीकडचं आहे.

हॉटेलात मेन्यू कार्ड हातात आलं की घरची बाई ते कसं वाचते, हे कधी पाहिलंय? बाकीचे डावीकडून वाचतात, ती उजवीकडून. आधी किंमत, मग पदार्थ. मुलांना जे हवं ते मागवते, सासूबाईंना विचारते, नवऱ्याला विचारते. वेटर तिच्याकडं वळला की म्हणते, "मला वेगळं काही नको, मी ह्यांच्यातलंच घेईन." मग धाकट्यानं अर्धा टाकलेला डोसा आणि थोरलीनं नको म्हटलेली भाजी तिच्या पानात येते. चार हजारांची खोली घेऊनही तिचं जेवण घरच्यासारखंच होतं, उरलंसुरलं! याला कंजूषपणा म्हणू नका. महिन्याचा किराणा, दूध, शाळेची फी यांचा मेळ घालता घालता ती नजर तशीच घडलेली असते. महाबळेश्वरला गेली म्हणून ती घरी ठेवून जाता येत नाही.

आधीच पैसे भरलेल्या जेवणाचा खरा फायदा इथं आहे. किंमतीचा रकानाच समोर नसतो. ती स्वतःचं ताट स्वतः उचलते आणि तिला आवडतं ते वाढून घेते. 'आज काय करू?' हा रोज सकाळ-संध्याकाळ छळणारा प्रश्न, जो प्रवासात 'आता कुठं जेवायचं?' असं रूप घेऊन मागं लागतो, तो दोन दिवस दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. माझ्या मते बाईची विश्रांती ती हीच. उंची सोफ्यावरचा चहा छानच, पण चहा पितानाही रात्रीच्या जेवणाची चिंता डोक्यात असेल, तर त्या सोफ्याचा काय उपयोग?

मग सरसकट तिन्ही वेळचं जेवण घेऊन टाकावं का? तसंही नाही. महाबळेश्वरला जाऊन आपण दिवसभर खोलीत बसत नाही. सकाळी पॉइंट बघायचे, वेण्णा लेकवर भाजलेलं कणीस खायचं, पाचगणीला उतरायचं. दुपारी एक वाजता फक्त जेवणासाठी घाट चढून परत कोण येणार? आणि न खाल्लेल्या ताटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. मग 'पैसे भरलेत ना' म्हणून धावतपळत यायचं आणि 'वसूल' करायला पोटात जागा नसताना खायचं, ही नवी शिक्षा. गोव्याला गेलात तर दुपारी एखाद्या साध्या घरगुती खानावळीत मासळीचं ताट खाण्याची मजा रिसॉर्टच्या बुफेला येत नाही. म्हणून फिरायला जाणाऱ्या कुटुंबानं नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच आधी घ्यावं, दुपार मोकळी ठेवावी. रात्री दमून आल्यावर पोरांना झोप लागायच्या आत समोर गरम वरण-भात येणं, हे सुख विकत घेण्यासारखं आहे.

क्लबच्या खोलीला माझा सरसकट विरोध नाही. सोबत गुडघे दुखणारे सासू-सासरे असतील, फिरणं कमी आणि हॉटेलातच बसणं जास्त असेल, तर त्याच मजल्यावर चहा-नाश्ता मिळणं, गर्दीच्या रांगेत उभं राहावं न लागणं, दुपारपर्यंत खोली सोडायची घाई नसणं, याला मोल आहे. दोघीच मैत्रिणी निवांत गप्पा मारायला गेल्या, तर त्यांनाही ते लाऊंज कामाला येईल. प्रश्न एवढाच विचारायचा, आपण हॉटेलात राहायला चाललोय की हॉटेलातून बाहेर पडायला?

पैसे पाठवण्याआधी मात्र चार गोष्टी विचारून घ्या. सांगितलेला दर कर धरून आहे की कर वेगळा? मुलांचं वय किती असलं की पूर्ण ताट लावतात? बुफे आहे की मोजून दिलेलं ताट, आणि पाहुणे कमी असतील तर काय करतात? चतुर्थी किंवा एकादशी असेल तर उपवासाचं मिळतं का, मधुमेहाच्या माणसाला भाकरी मिळते का? ही उत्तरं तोंडी नकोत, मोबाइलवर लिहून मागवा. आणि वरून मागवलेल्या पदार्थांच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेलं दिसलं, तर ते काढायला सांगायचा हक्क तुम्हाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम केले.

हे झालं आपण पाहुण्या म्हणून जातो तेव्हाचं. पण बारामती-इंदापूरच्या बायकांना याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी, कारण आता पाहुणे आपल्या दारात येतात. पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामती तालुक्यात कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. २०२० मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणच आणलं. इंदापूर तालुक्यात भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि ते बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. सकाळी होडीतून फेरी आणि मग कुणाच्या तरी घरी माशाचं कालवण किंवा पिठलं-भाकरी. ही भाकरी कोण थापतं? आपल्यासारखीच कुणीतरी.

तिच्यासाठी आधी पैसे भरलेलं जेवण म्हणजे काय असतं, ते पाहा. दहा माणसांचे पैसे आदल्या दिवशी आले, तर दहा माणसांचंच पीठ मळायचं, तेवढेच मासे आणायचे. उधारी नाही, नासाडी नाही. पाहुणे आलेच नाहीत तरी बाजार अंगावर पडत नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं नेमकं उलटं होतं. त्या कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालायच्या, पैसे पगार झाल्यावर मिळायचे आणि तोवर किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरायच्या. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जेवणाचे पैसे आधी येतात की नंतर, यावर रांधणारीचं घर कसं चालेल ते ठरतं, हे त्या बायकांना चांगलंच ठाऊक होतं.

आपल्याकडं मात्र जेवणाचे पैसे आधी मागायचे म्हटलं की जीभ अडखळते. त्यालाही कारण आहे. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा वाटेवरच्या गावांत हजारो वारकरी जेवतात आणि कुणी पैशाचं नावही काढत नाही. अन्न विकायचं नसतं, हा संस्कार अंगात मुरलेला आहे. तो चांगलाच आहे. पण वारकऱ्याला वाढणं आणि गाडी घेऊन सहलीला आलेल्या पाहुण्यासाठी पहाटे चारला उठून चूल पेटवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्या कामाचे पैसे घ्यायला लाजू नये, आणि ते आधी मागायला तर मुळीच लाजू नये.

आणि जिच्याकडं आपण पाहुण्या म्हणून जाऊ, तिच्याशीही तसंच वागावं. मोठ्या हॉटेलात मुकाट्यानं आगाऊ पैसे भरणारी माणसं शेतावरच्या घरी गेली की "आधी जेवण तर बघू, मग देऊ," असं म्हणताना मी ऐकली आहेत. दहा ताटं सांगून सहाजणंच येतात आणि सहाचेच पैसे देतात. रिसॉर्टचा नियम आपल्याला मान्य, मग त्या ताईचा का नाही?

तेव्हा या सुट्टीत फोन लागेल तेव्हा तो तुमच्या हातात असू द्या. वर्षातले ३६३ दिवस घरच्यांच्या ताटात काय पडेल याची काळजी आपण वाहतो. उरलेल्या दोन दिवसांत आपल्या ताटात काय असावं, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.