दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा का?



मागच्या बैठकीत एक विषय अर्धाच राहिला. संघटनेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर पावसाळ्यात बंद पडला, दुरुस्तीला गेला आणि बारा दिवसांनी परत आला. तेवढे दिवस नामंजूर दाव्यांच्या अपिलाचं काम अडून बसलं. अपिलाला कायद्यानं 60 दिवस मिळतात म्हणून निभावलं. तेव्हापासून काही पाड्यांचं म्हणणं आहे, घरटी वर्गणी काढू आणि दुसरा कॉम्प्युटर आणून ठेवू. एक बसला तर दुसरा आहेच.

म्हणणं वावगं नाही. बैल बसला तर शेजाऱ्याचा मागून आणता येतो, कॉम्प्युटर कोण देणार? पण जपायचं काय आहे, मशीन की मशीनच्या पोटातले कागद?

मशीन बाजारात मिळतं. पोटात काय आहे बघा. गावागावाचे दावे, जंगल खात्यानं फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या, जीपीएसची मोजणी, बांधाचे आणि झोपड्यांचे फोटो. आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब. वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा धरला आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन कोण कसतंय, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं एकेक करून चालली आहेत. पावतीची नक्कल एखाद्या वेळी खात्याकडून काढता येईल, माहिती अधिकारात भांडून का होईना. मेलेल्या आजाचा जबाब कुठून आणणार?

दुसरा कॉम्प्युटर ठेवणार कुठे? त्याच खोलीत, त्याच पत्र्याखाली, त्याच वायरीवर. वीज पडली, छप्पर गळलं, चोर शिरला तर दोन्ही एकदम जातील. शिवाय शेजारी ठेवला म्हणून एकातलं दुसऱ्यात आपोआप जात नाही. कुणीतरी बसून उतरवावं लागतं. वापर नसला की ओल धरते, उंदीर वायरी कुरतडतात, आणि ऐन गरजेला तोही चालू होत नाही.

म्हणून आमचं मत असं, की आधी नकला करा. दोन हार्ड डिस्क घ्या, कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळ स्वस्तात येतात. एक ऑफिसात, दुसरी डोंगरापलीकडच्या गावात. दर महिन्याच्या बैठकीला दुसरी घेऊन यायची, नवं सगळं भरलेली घेऊन जायची. भरली म्हणजे झालं असं नाही, चार फाइली उघडून बघायच्या. पेन ड्राइव्हवर भिस्त नको, तो खिशातून पडतो आणि धुण्यात जातो. आणि कागद तो कागदच. प्रत्येक दाव्याची झेरॉक्स गावच्या वनहक्क समितीच्या पेटीत पाहिजे. शिक्क्याची पोच आणि अस्सल कागद दावेदाराच्या घरीच राहू द्या, साहेबानं मागितलं तरी हातात झेरॉक्सच द्यायची.

पोरं विचारतात, मशीन बंद असताना अपील कसं करायचं? अपील टाईप केलेलंच हवं असं कायद्यात कुठे नाही. हातानं लिहा, नाहीतर डिस्क घेऊन तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडे जा. (ही पत्रिका अजून स्टेन्सिल कापून, हातानं मशीन फिरवून निघते. लाईट गेली तरी निघते.)

एवढं करून वर्गणी उरली तर जुना कॉम्प्युटर जरूर घ्या. पण तो झाकून ठेवायला नको. दुसऱ्या गावात ठेवा, तिथल्या दोन पोरी-पोरांना शिकवा, त्यांनी रोज त्याच्यावर काम करावं.

दिवाळी झाली की अर्धी माणसं ऊसतोडीला जातील, म्हणून पुढची बैठक त्याआधी आहे. येताना प्रत्येक गावानं दोन याद्या आणाव्यात. कोणत्या दाव्यांची झेरॉक्स गावात नाही, आणि कोणत्या म्हाताऱ्याचा, म्हातारीचा जबाब अजून लिहून घ्यायचा आहे. दुसरी यादी आधी करा.