दहापैकी किती?

एक प्रामाणिक प्रश्न. नवीन सिनेमा बघून झाल्यावर तुमच्या रूममध्ये पहिलं वाक्य कोणतं असतं? आमच्याकडे ठरलेलं आहे, "दहापैकी किती?"

रविवारी रात्री मेस बंद. मग मॅगी, एक लॅपटॉप, दोन कॉट जोडून केलेलं बाल्कनीचं तिकीट आणि आम्ही सहा जणी. सिनेमा संपला की प्रत्येकीने मार्क द्यायचे. एक्सेलमध्ये सरासरी निघते आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या ड्रॉइंग शीटवर 'टॉप टेन' लिहिलं जातं. (ईडीची शीट एवढ्या चांगल्या कामाला आमच्या बॅचमध्ये दुसऱ्या कोणी वापरली नसेल!) गेल्या सेमिस्टरला हा उद्योग आम्ही सबमिशनपेक्षा जास्त सिरियसली केला. आणि त्यातच एक गोष्ट घडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या दिवशी नवीन काही बघायला नव्हतं. ठरलं की प्रत्येकीने आपला ऑल टाइम फेव्हरिट सांगायचा आणि बाकीच्यांनी मार्क द्यायचे. मी ऐटीत 'कोर्ट' सांगितला. चैतन्य ताम्हाणेचा, २०१५ साली आपल्याकडे लागलेला, राष्ट्रीय पुरस्कार वगैरे. कोणीतरी 'सैराट' म्हणाली, कोणी 'शोले'. माझ्या रूममेटची पाळी आली. ती म्हणाली, "माहेरची साडी."

आणि आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. एक तर मी कॉन्व्हेंटची. आमच्या ग्रुपमध्ये १९९१ सालचा, अलका कुबलचा, सासरच्या छळाचा सिनेमा म्हणजे हसायचाच विषय. तो मी पाहिलेला नव्हता ही गोष्ट मला त्या वेळी फारशी महत्त्वाची वाटली नाही!

मार्क पडले. तिचे दहा, बाकीच्यांचे तीन, दोन, दोन, चार, तीन. सरासरी बरोब्बर चार. म्हणजे नापास. ती काही बोलली नाही. पण त्यानंतरच्या रविवारपासून ती दर वेळी आधी विचारायची, "तुम्ही किती दिले?" आणि मग सात द्यायची. प्रत्येक सिनेमाला सात. आमच्या लक्षात यायला महिना गेला. सिनेमाला नापास करता करता आम्ही एका मुलीचं मत बंद पाडलं होतं.

मग एका रात्री, दोघीच असताना, मी तिला म्हटलं, "चल, तुझा सिनेमा बघू." बघितला. खरं सांगते, मी आजही त्याला पाचच देईन. सगळं फार मोठ्या आवाजात चालतं. पण संपल्यावर तिने सांगितलं की तिच्या आईने तो लग्नाआधी गावच्या जत्रेत तंबूत बघितला होता. सगळ्या बाया ढसाढसा रडत होत्या. आई म्हणते, "घरी रडलं की सासू विचारणार, काय झालं गं? तंबूत कोण विचारणार?"

यावर मी काय बोलणार? माझ्या 'कोर्ट'ला ज्या दोघींनी "झोप आली" म्हणून चार दिले होते, त्यांचा मला किती राग आला होता ते आठवलं, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळे सिनेमे सारखेच चांगले का? अजिबात नाही! वाईट सिनेमाला वाईट म्हणायलाच हवं, नाहीतर गप्पांत मजा काय? माझं भांडण मार्कांशी नाही, सरासरीशी आहे. जरा हिशोब करा. एका सिनेमाला सहाही जणींनी सात दिले, तर सरासरी सात. दुसऱ्याला तिघींनी दहा दिले आणि तिघींनी तीन, तर साडेसहा. म्हणजे जो कोणालाच फारसा खटकला नाही आणि कोणाच्या जिवाला लागलाही नाही, तो वर. आणि ज्याच्यावरून रात्री दोनपर्यंत भांडण झालं, तो खाली! पहिला नंबर कोणाचा, तर ज्याबद्दल बोलण्यासारखं सगळ्यात कमी आहे त्याचा.

बरं, मार्क सोडून नुसते क्रम लावले तर? तिघी जणी घ्या. पहिलीचा क्रम शोले, सैराट, श्वास. दुसरीचा सैराट, श्वास, शोले. तिसरीचा श्वास, शोले, सैराट. आता मतं मोजा. दोघींच्या मते 'शोले' 'सैराट'पेक्षा भारी, दोघींच्या मते 'सैराट' 'श्वास'पेक्षा भारी, आणि दोघींच्याच मते 'श्वास' 'शोले'पेक्षा भारी! बसा गोल गोल फिरत. काँदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच हा घोळ दाखवून ठेवलाय. म्हणजे 'आपल्या सगळ्यांचा एक नंबर' असं काही असेलच याची खात्री गणितही देत नाही.

मोठ्या लोकांचंही काही वेगळं नाही. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतं. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्ज' पहिला आला. १९६२ ते २००२ सलग पाच वेळा 'सिटिझन केन'. २०१२ ला 'व्हर्टिगो'. आणि २०२२ ला शांताल आकरमनचा 'जान दिएलमन', तीन तासांहून मोठा, ज्यात एक विधवा बाई बटाटे सोलते, स्वयंपाक करते, घर आवरते. तोही 'शोले'सारखाच १९७५ चा. सिनेमे तेच राहिले, मतं देणारी माणसं बदलली, वाढली, आणि नंबर बदलले. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे कोणत्या समीक्षकाने कोणते दहा निवडले, तेही नावानिशी प्रसिद्ध होतं. बेरजेत माणूस हरवत नाही.

म्हणून आम्ही या सेमिस्टरला नियम बदलले. एक, मार्क आधी चिठ्ठीवर लिहायचे, मग तोंड उघडायचं. (इंटर्नलचे मार्क बघून एक्स्टर्नलने मार्क दिले तर कसं वाटेल? तसंच.) दोन, जिने सिनेमा बघितला नाही तिला हसायचा हक्क नाही. तीन, सरासरी बंद. शीटवर आता सहा याद्या आहेत, सहा नावांखाली, आणि प्रत्येक सिनेमासमोर एक ओळ, 'का?'

आमच्यातली एक अजून कुरकुरते की नंबर नाही तर थ्रिल नाही. तिला माझं म्हणणं एवढंच की सरासरी काढायला आपण आयुष्यभर आहोतच. सीजीपीए काय दुसरं आहे? रविवार रात्र तरी त्यातून सोडूया.

परवा रूममेटने एका नव्या सिनेमाला तीन दिले. सगळ्यांच्या आठ-नऊच्या चिठ्ठ्यांमध्ये एक तीन! मग जे भांडण झालं ते ऐकून रात्री साडेअकराला रेक्टर मॅडम वर आल्या. आता ओरडणार म्हणून आम्ही गप्प. त्यांनी चष्मा वर करून शीट वाचली आणि म्हणाल्या, "ह्यात 'बनवाबनवी' कुठे आहे गं?"

सातवी यादी त्यांची आहे. का, ते मात्र त्यांनी अजून लिहिलेलं नाही.