विमानतळाला जमीन लागते तरी किती? : पुरंदर प्रकल्पाबाबत राज्य शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी
मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ

विषय : पुरंदर विमानतळाच्या क्षेत्रातून वगळलेल्या १,३८८ हेक्टरांचा हिशेब जाहीर करण्याबाबत.

मार्च २०२५ मध्ये पुरंदर तालुक्यातील वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांना औद्योगिक विकास अधिनियम लागू झाला, तेव्हा विमानतळासाठी २,६७३ हेक्टर जमीन हवी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही गरज १,२८५ हेक्टरांवर आली. सहा महिन्यांच्या आत १,३८८ हेक्टर, म्हणजे सुमारे ३,४३० एकर जमीन आराखड्यातून बाहेर पडली. शेतकऱ्यांचा विरोध लक्षात घेऊन क्षेत्र कमी केले, असे सांगण्यात आले. पण विरोधामुळे धावपट्टीची लांबी कमी होत नाही आणि विमानाला वळायला लागणारी जागाही घटत नाही. मागणी निम्म्यावर आली असेल, तर पहिला आकडा कोणत्या मोजणीतून आला होता, हा प्रश्न उरतोच.

पुण्याला नव्या विमानतळाची गरज आहे, याबद्दल वाद नाही. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. तिथली धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची, आणि नागरी वाहतूक हवाई दलाच्या सोयीने चालते. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथली विमाने चौदा दिवस बंद राहिली. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, त्याने प्रवाशांना बसायला जागा मिळाली. धावपट्टी होती तेवढीच राहिली. वर्षाला कोटीच्या घरात प्रवासी असलेल्या शहराला स्वतःची नागरी धावपट्टी हवीच. गरज खरी आहे, म्हणूनच तिचा हिशेबही खरा असायला हवा.

जागेचा इतिहास शासनाच्या दप्तरात आहे. आधी चाकण, मग राजगुरुनगर परिसराची चर्चा वर्षानुवर्षे चालली. डोंगरांमुळे ती जागा विमानतळाला योग्य नाही, असे २०१६ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने सांगितले आणि त्याच वर्षी पुरंदरची घोषणा झाली. तेव्हाचा आकडा होता २,८३२ हेक्टर. २०१८ मध्ये या जागेला संरक्षण मंत्रालयाची संमती आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची मंजुरी मिळाली. तरीही २०२१ मध्ये विमानतळ रिसे, पिसे, पांडेश्वर, राजुरी, नायगाव या बाजूला हलवण्याचे ठरले; संरक्षण मंत्रालयाने त्या जागेला आधी होकार दिला आणि काही महिन्यांतच तो मागे घेतला. २०२२ मध्ये विमानतळ पुन्हा मूळच्या सात गावांत आला. मे २०२५ च्या सुरुवातीला ड्रोनने मोजणी करायला पथके आली, तेव्हा गावकरी आडवे झाले, लाठ्या चालल्या, गुन्हे दाखल झाले. ऑगस्टमध्ये क्षेत्र निम्म्याखाली आले. म्हणजे नऊ वर्षांत जागा दोनदा बदलली आणि मूळच्या जागेचा आकडा तीन वेळा वेगळा सांगितला गेला : २,८३२, २,६७३, १,२८५.

विमानतळाला किती जमीन लागते, हे मोजता येते. चार किलोमीटर लांबीची आणि साठ मीटर रुंदीची एक धावपट्टी स्वतः २४ हेक्टर जागा घेते. दोन धावपट्ट्यांना ४८ हेक्टर पुरतात. खरी जागा जाते ती त्यांच्या भोवती. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना सपाट मोकळा पट्टा ठेवावा लागतो आणि टोकांना सुरक्षेसाठी जास्तीची लांबी सोडावी लागते. दोन समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवायची असतील, तर त्यांच्या मध्यरेषांमध्ये किमान १,०३५ मीटर अंतर असावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. नवी मुंबईत हे अंतर सुमारे दीड किलोमीटर धरले आहे, कारण टर्मिनल आणि विमाने उभी करण्याचे फलाट याच मधल्या जागेत बसतात. म्हणून लांबी पाच किलोमीटर आणि रुंदी अडीच किलोमीटर धरली, तर क्षेत्र येते साडेबारा चौरस किलोमीटर, म्हणजे १,२५० हेक्टर. हा ढोबळ हिशेब आहे. तज्ज्ञाचा हिशेब याहून बारीक असेल. पण तो १,२८५ च्या आसपास पोहोचतो, २,६७३ च्या जवळपासही जात नाही.

बांधून झालेल्या विमानतळांचे आकडेही हेच सांगतात. नवी मुंबईचा विमानतळ १,१६० हेक्टरांवर आहे. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आणि पूर्ण विस्तारानंतर वर्षाला ९ कोटी प्रवासी अशी योजना आहे. मुंबईचा जुना विमानतळ सुमारे ७५० हेक्टरांत, एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर, वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी हाताळतो. लंडनच्या हीथ्रोचे क्षेत्र १,२२७ हेक्टर. तिथून २०२४ मध्ये दोन धावपट्ट्यांवर जवळजवळ ८.४ कोटी लोकांनी प्रवास केला. त्याच शहराचे गॅटविक ६७४ हेक्टरांत आणि एका वेळी एकाच धावपट्टीवर चालते. तिथला वर्षाचा आकडा चार कोटींहून अधिक आहे. दिल्लीजवळच्या जेवर विमानतळाचा पहिला टप्पा १,३३४ हेक्टरांचा आहे. पुरंदरसाठी मागितलेले २,६७३ हेक्टर म्हणजे नवी मुंबईचे दोन विमानतळ आणि वर साडेतीनशे हेक्टर.

याहून मोठे विमानतळही देशात आहेत. हैदराबादचा सुमारे साडेपाच हजार एकरांचा आहे, दिल्लीचा पाच हजार एकरांहून थोडा अधिक. दिल्लीत धावपट्ट्या चार आहेत. हैदराबादला भविष्यातील विस्ताराबरोबरच हॉटेले, कार्यालये आणि गोदामे यांच्यासाठीही जमीन आहे. विमानतळाच्या उत्पन्नासाठी असा व्यापारी वापर जगभर होतो आणि त्यात गैर काही नाही. पण धावपट्टीला लागणारी जमीन आणि हॉटेलला लागणारी जमीन यांतला फरक जमीनमालकाला आधी सांगावा लागतो. विमान उतरावे म्हणून शेत देणे ही एक गोष्ट आहे. मालवाहतूक केंद्र, बाजारपेठ आणि वसाहत उभी राहावी म्हणून देणे ही दुसरी. वगळलेले १,३८८ हेक्टर यांपैकी कशासाठी मागितले होते, हे जमीन मागतानाच लिहून द्यायला हवे होते.

हाच प्रश्न विचारण्याची सोय देशाच्या कायद्यात आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात सामाजिक आघात मूल्यांकनाची तरतूद आहे. त्याच्या चौथ्या कलमात, संपादनासाठी सुचवलेली जमीन प्रकल्पाला अगदी किमान लागणारीच आहे का, आणि दुसऱ्या जागेचा विचार होऊन ती अव्यवहार्य ठरली आहे का, हे दोन मुद्दे स्पष्ट शब्दांत तपासायला सांगितले आहेत. पुरंदरच्या नऊ वर्षांचा सगळा वाद या दोन मुद्द्यांत मावतो. पण शासनाने वाट निवडली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ ची. त्यात कलम ३२(२) ची नोटीस येते, हरकत घेता येते, सुनावणी होते. सामाजिक आघात मूल्यांकन नाही. कारखान्यांच्या वसाहतींसाठी केलेल्या साठ वर्षांपूर्वीच्या कायद्याने विमानतळाची जमीन घ्यायची ठरली आणि 'किमान किती?' हा प्रश्न विचारण्याची जागाच उरली नाही. तो प्रश्न मग गावकऱ्यांनी रस्त्यावर विचारला. मार्चमध्ये कागदावर झाली असती ती कपात मेमधल्या लाठ्यांनंतर झाली. याची जबाबदारी ही वाट निवडणाऱ्यांकडे जाते.

अनिश्चिततेची किंमत जमिनीच्या दरात मोजता येत नाही. ती बागेत दिसते. पुरंदर हा पर्जन्यछायेतला तालुका. इथल्या हलक्या, मुरमाड जमिनीत अंजीर आणि सीताफळ पिकते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि विमानतळाची घोषणाही त्याच वर्षी झाली. अंजिराचे रोप लावल्यावर दोन-तीन वर्षांनी बाग धरता येते, पुढे कित्येक वर्षे ती खट्टा आणि मीठा असे दोन बहार देते. त्यासाठी आधी शेततळे खणावे लागते, त्यात कागद अंथरावा लागतो, ठिबकच्या नळ्या टाकाव्या लागतात, पुरंदर उपसा योजनेचे पाणी पैसे भरून घ्यावे लागते. हे सगळे कर्जावर होते. जमीन राहणार की जाणार हे माहीत नसताना २०१७ साली बाग लावावी की नाही, हे कुणालाच सांगता आले नसते. २०२१ मध्ये विमानतळ गेला म्हणून लावलेले रोप २०२२ मध्ये पुन्हा विमानतळाच्या हद्दीत आले. अशी नऊ वर्षे गेली. वगळलेल्या १,३८८ हेक्टरांवर ती विनाकारण गेली, आणि त्यांची भरपाई कुठल्याही पॅकेजमध्ये नाही. या सात गावांपैकी खानवडी हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे गाव. शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा फायदा कागद कसा घेतो, हे ज्यांनी महाराष्ट्राला सांगितले, त्यांच्या गावात तरी कागद पुरा दाखवला जावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संमतीपत्रे घेण्याचे काम सुरू झाले आणि बहुसंख्य खातेदारांनी ती दिली. चौपट मोबदला आणि दहा टक्के विकसित भूखंड या आश्वासनावर विश्वास ठेवून त्यांनी सह्या केल्या. त्या सह्यांमुळे हिशेब देण्याची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. विरोध मावळल्यावरच शासनाने मोकळेपणाने सगळे कागद पुढे ठेवणे अधिक सोपे आहे.

म्हणून पुढील पाच गोष्टी शासनाने लेखी कराव्यात.

पहिली, १,२८५ हेक्टरांचे वापरानुसार विवरणपत्र प्रसिद्ध करावे : धावपट्ट्या आणि त्यांचे सुरक्षा पट्टे, टर्मिनल, मालवाहतूक, रस्ते आणि व्यापारी वापर, प्रत्येकी किती हेक्टर.

दुसरी, २,८३२ आणि २,६७३ हे आकडे ज्या अहवालांतून आले, ते अहवाल मराठीत सातही ग्रामपंचायतींत ठेवावेत.

तिसरी, राजगुरुनगर, पुरंदर आणि पांडेश्वर या जागांची तुलना करणारे तांत्रिक निष्कर्ष जाहीर करावेत. संरक्षणाशी संबंधित भाग वगळूनही ते देता येतील.

चौथी, वगळलेले गट क्रमांक कायमचे वगळले आहेत, अशी राजपत्रात अधिसूचना काढावी आणि त्यांच्या सातबाऱ्यावर संपादनाचा कसलाही शेरा असल्यास तो काढून टाकावा. दुसऱ्या टप्प्याच्या किंवा विमानतळाभोवतीच्या शहराच्या नावाने तीच जमीन पुन्हा मागितली जाणार असेल, तर ते आजच सांगावे.

पाचवी, २०१३ च्या कायद्याच्या कलम १०१ मध्ये पाच वर्षे विनावापर राहिलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या भूमी बँकेला परत देण्याची तरतूद आहे. पुरंदरच्या प्रत्येक करारात मूळ मालकाला जमीन परत देण्याची अट स्वतंत्रपणे लिहावी.

नवी मुंबईच्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये मिळाली, भूमिपूजन २०१८ मध्ये झाले आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. मधल्या अठरा वर्षांत उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा वस्त्या उठल्या. पुरंदरचा विमानतळही एका दिवसात उभा राहणार नाही. त्या काळात जमीन देणाऱ्यांपुढे, आपली जमीन कशासाठी आणि किती घेतली गेली, हे सांगणारा एक कागद असला पाहिजे. २,६७३ मधून १,२८५ वजा केल्यावर उरणाऱ्या १,३८८ हेक्टरांपासून तो कागद सुरू व्हावा.

कळावे.